काठावरचं मूल

संध्याकाळी सहाच्या सुमाराला कुठल्याही सोसायटीत खाली उतरून बघा. पार्किंगच्या मोकळ्या जागेत पोरांचा कल्ला चाललेला असतो. कुणावर तरी राज्य असतं, कुणी ‘टाइमप्लीज’ म्हणत अंगठा नाचवत असतं, कुणी रडीचा डाव खेळल्याबद्दल शिव्या खात असतं. आणि या सगळ्यापासून दहा-बारा पावलांवर, जिन्याच्या खांबाला पाठ लावून एखादी मुलगी उभी असते. चपलेच्या टोकाने फरशी घासत, पण नजर खेळावर खिळलेली. जाता-जाता एखादे काका हमखास म्हणतात, “अगं, इथे काय उभी राहिलीस? जा की खेळायला!” वर गॅलरीतून आई हाताने खुणावते, जा, जा. मुलगी पुढे जायच्या ऐवजी एक पाऊल मागे सरकते.

मोठ्यांच्या लेखी ती काहीच करत नसते. ज्यांनी अशा मुलांकडे वर्षानुवर्षं वही-पेन घेऊन, नंतर कॅमेरे लावून आणि अगदी मेंदूची छायाचित्रं काढून पाहिलं, त्यांचं म्हणणं ऐकलं तर मात्र थक्क व्हायला होतं. त्या पार्किंगमध्ये त्या क्षणी सगळ्यांत अवघड काम कोण करत असेल, तर ती मुलगी.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मिल्ड्रेड पार्टन नावाची संशोधक बालवाडीतल्या मुलांचं खेळणं टिपत असे. मुलं एकमेकांत कशी मिसळतात याची तिने १९३२ मध्ये केलेली मांडणी आजही शिकवली जाते. काही मुलं एकटी खेळतात, काही शेजारीशेजारी बसून आपापलं खेळतात, काही खरोखर मिळून खेळतात. पण पार्टनने आणखी एक खाना केला होता, नुसतं बघणाऱ्या मुलांचा. रिकाम्या बसलेल्या मुलांपासून तिने त्यांना जाणूनबुजून वेगळं काढलं. रिकाम्या मुलाची नजर भिरभिरते, आत्ता कावळ्याकडे तर मग स्वतःच्या बटणाकडे. बघणारं मूल एक विशिष्ट टोळकं निवडतं, त्यांचं बोलणं ऐकू येईल इतक्या अंतरावर उभं राहतं आणि तिथून हलत नाही. आपल्या खांबाजवळच्या मुलीने जागा कशी निवडली आहे बघा. चेंडू लागणार नाही इतकी लांब, पण कोण कुणाला काय म्हणालं ते ऐकू येईल इतकी जवळ.

हा बुजरेपणा येतो कुठून? घरोघरी याची उत्तरं ठरलेली असतात. आई म्हणते वडिलांच्या घराण्यातून, वडील म्हणतात आजीच्या लाडांमुळे. हार्वर्डचे जेरोम केगन हे तरुणपणी दुसऱ्या पक्षाचे होते, म्हणजे मूल घडतं ते संगोपनाने असं मानणारे. ओहायोतल्या फेल्स संस्थेने काही मुलांच्या नोंदी त्यांच्या जन्मापासून मोठेपणापर्यंत ठेवल्या होत्या. हॉवर्ड मॉस यांच्याबरोबर केगननी त्या चाळल्या आणि १९६२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या नोंदींत एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. पहिल्या तीन वर्षांत जी मुलं नव्याला फार बिचकत, त्यांच्यात मोठेपणीही त्याची खूण उरलेली होती. केगननी ते पाहिलं आणि फारसं मनावर घेतलं नाही, कारण ते त्यांच्या मतात बसत नव्हतं. पुढे हाच धागा पकडून ते आयुष्यभर काम करत राहिले.

१९८९ च्या सुमाराला त्यांच्या गटाने चार महिन्यांची सुमारे पाचशे बाळं तपासायला घेतली. तपासणी अगदी साधी होती. बाळाला बैठकीत ठेवायचं, डोळ्यांसमोर रंगीत झुंबर हलवायचं, अनोळखी आवाजातलं बोलणं ऐकवायचं, अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा नाकाजवळ न्यायचा. यात भीतीदायक काही नाही, फक्त सगळं नवं. पाचांतलं साधारण एक बाळ या नव्याने पार हलून जाई. हातपाय झाडी, पाठ ताठ करी, रडू लागे. पाचांतली दोन बाळं मजेत पडून राहत. बाकीची मधली. आता गंमत पुढे आहे. हातपाय झाडणारी ही बाळं वर्ष-दोन वर्षांनी परत पाहिली, तेव्हा अनोळखी माणूस किंवा अनोळखी खेळणं दिसल्यावर आईला बिलगणारी मुलं त्यांच्यातच जास्त निघाली. साडेचार वर्षांची झाल्यावर परक्या माणसाशी ती कमी बोलत होती, कमी हसत होती. चार महिन्यांच्या बाळाला लाज कुठून असणार? ‘मी’ आणि ‘लोक’ हा फरकही त्याला अजून कळलेला नसतो. पण ज्या मातीत पुढे लाज उगवायची, ती तिथे आधीच होती.

ही माती मेंदूत नेमकी कुठे असते याचाही थोडा पत्ता लागला आहे. मेंदूत दोन्ही बाजूंना खोलवर अमिग्डला नावाचा छोटा भाग असतो. एखादी गोष्ट नवी आहे, महत्त्वाची आहे, कदाचित धोक्याची आहे, अशी वर्दी देण्यात त्याचा मोठा हात असतो. बोस्टनमध्ये कार्ल श्वार्ट्झ आणि केगन यांच्या गटाने २००३ मध्ये विशीच्या आसपासच्या २२ तरुणांचे स्कॅन प्रसिद्ध केले. वयाच्या दुसऱ्या वर्षी हे सगळे तपासलेले होते. १३ जणांची तेव्हा बुजरी म्हणून नोंद होती आणि ९ जणांची बेधडक म्हणून. स्कॅनरमध्ये त्यांना आधी दाखवलेले काही चेहरे आणि काही अगदी नवे चेहरे दाखवले. नवा चेहरा समोर येताच, लहानपणी बुजऱ्या असलेल्यांचा अमिग्डला इतरांपेक्षा जास्त चेतवला गेला. मधे जवळजवळ वीस वर्षं गेलेली, शाळा-कॉलेज झालेलं, मित्रही झालेले. तरी अनोळखी चेहऱ्याची वर्दी आत अजून मोठ्या आवाजातच पोचत होती.

एवढं वाचून ‘म्हणजे हा जन्माचा शिक्का’ असं कुणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. केगनच्या त्या हातपाय झाडणाऱ्या बाळांपैकी शाळेच्या वयापर्यंत टोकाची बुजरी राहिलेली मुलं थोडीच होती. त्यातलं पार उंडारणारं, कुणाच्याही गळ्यात पडणारं पोर मात्र क्वचितच कुणी झालं. म्हणजे स्वभाव मूल कुठे पोचणार हे ठरवत नाही. फार तर अमुक एका टोकाला ते सहसा जाणार नाही, एवढं सांगतो. मधलं मैदान केवढं तरी मोठं आहे. केगनच्या सहकारी डोरीन आर्कस यांनी घराघरांत जाऊन जे टिपलं, ते तर आपल्याकडच्या मायाळू घरांना थोडं झोंबेल. अशा चटकन बिथरणाऱ्या बाळांना गरज नसतानाही सतत कडेवर उचलून घेणाऱ्या आयांची मुलं पुढे जास्त बिचकणारी निघाली. ज्या आयांनी बाळाला जरा धुसफुसू दिलं, ‘हे नाही करायचं’ असं ठामपणे सांगितलं, त्यांची मुलं सव्वा वर्षाच्या आसपास तुलनेने धीट होती. लहान-लहान त्रास स्वतः पेलायची सवय त्यांना आधीच झालेली होती.

परत खांबाकडे येऊ. ही मुलगी माणूसघाणी आहे का? जर्मन मानसशास्त्रज्ञ येन्स आझेनडॉर्फ यांनी इथे एक फार उपयोगी भेद केला. काही मुलांना मुळात एकट्याने खेळायलाच आवडतं. कोपऱ्यात बसून ठोकळे रचतील, बोलावलंत तर येतील, नाही बोलावलंत तरी खुशाल असतील. त्यांची काळजी करायचं कारण नाही. बुजऱ्या मुलाचं दुखणं वेगळं. त्याला जावंसं वाटतं आणि जाववत नाही. दोन ओढी एकाच वेळी, एकाच ताकदीने. त्यातूनच ते नेमकं अंतर ठरतं, दहा-बारा पावलांचं. जवळ गेलं की भीती वाढते, लांब गेलं की ओढ वाढते, आणि दोन्हींचा तोल जिथे सांभाळला जातो तिथे मूल उभं राहतं. म्हणून काकांनी “जा की” म्हटलं, की ते मागे सरकतं. काकांनी ओढ वाढवलेली नसते, वाढवलेली असते भीती, कारण आता सगळी पोरं वळून तिच्याकडे बघायला लागलेली असतात.

आणि हे दुर्मीळ आहे असंही नाही. स्टॅनफर्डच्या फिलिप झिम्बार्डो यांनी १९७० च्या दशकात हजारो लोकांना प्रश्नावल्या दिल्या, तेव्हा दहातल्या सुमारे चौघांनी ‘मी आजही लाजरा आहे’ असं लिहिलं आणि दहातल्या आठांहून जास्त लोकांनी आयुष्यात कधी ना कधी तसं असल्याचं कबूल केलं. “जा की” म्हणणारे काकाही बहुधा त्यातलेच.

आता मला सगळ्यांत थक्क करणारा भाग. ती बघत असते म्हणजे नेमकं काय बघत असते?

चालू खेळात शिरायचं हे काम किती कठीण आहे याचा आपल्याला मोठेपणी विसर पडतो. लग्नाच्या मांडवात ओळखीचं कुणी नसताना चौघांच्या गप्पांत शिरून बघा, म्हणजे आठवेल. विल्यम कोर्सारो हे समाजशास्त्रज्ञ सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या बालवाडीत मुलांमध्ये जाऊन बसू लागले. मुलं एकमेकांना खेळात घेतात कशी, हाच त्यांचा विषय. त्यांना दिसलं, की खेळणारी मुलं बाहेरच्याला बऱ्याचदा सरळ नाही म्हणतात. बाईंना वाटतं, स्वार्थी आहेत. कोर्सारोंना वेगळं दिसलं. लहान मुलांचा खेळ फार नाजूक असतो. दोघांनी मिळून एक जग उभं केलेलं असतं, ही बादली म्हणजे जहाज आणि ती चटई म्हणजे समुद्र. तिसरा आला आणि चटईवर नुसता बसला, की समुद्र आटला. म्हणून ती आपलं जग राखतात. जो बाहेरून येतो त्याने आधी ते जग ओळखायचं आणि मग त्यात बसेल असंच काहीतरी घेऊन आत पाऊल टाकायचं. त्यांच्या नोंदींत यशस्वी पोरं बहुतेक वेळा न बोलता येत. आधी कडेने एक फेरी मारत, मग शेजारी बसून तेच करू लागत जे बाकीचे करत होते, आणि थोड्या वेळाने तीही त्या जहाजावर असत.

मार्था पुटॅलाझ आणि जॉन गॉटमन यांनी १९८१ मध्ये दुसरी-तिसरीतल्या मुलांवर असाच अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मुलं खेळत असताना तिसऱ्याला खोलीत पाठवायचं आणि बघत राहायचं. वर्गात नावडती असलेली मुलं आल्या-आल्या प्रश्न विचारत, स्वतःबद्दल सांगू लागत, ‘असं नसतं, तसं असतं’ म्हणून वाद घालत. आवडती मुलं चाललेल्या बोलण्याचा सूर पकडत आणि त्यातच आपली भर घालत. नकार त्यांनाही मिळत होते, पण कमी.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपण मुलाला शिकवतो काय? “जा, आपलं नाव सांग, मला घेता का म्हणून विचार.” शिष्टाचार म्हणून ठीक आहे, पण मुलांच्या राज्यात ही चाल कच्ची. ‘घेता का’ या प्रश्नाला ‘नाही’ हे सोपं उत्तर असतं, वर त्यासाठी चाललेला खेळ थांबवावा लागतो. उलट खांबाशी उभं राहून बघत राहणं, हे खेळात शिरण्याच्या सगळ्यांत भरवशाच्या वाटेचं पहिलं अर्धं आहे. बुजऱ्या मुलाला पहिलं अर्धं छान येतं. घोडं अडतं ते दुसऱ्या अर्ध्यावर.

ते दुसरं अर्धं पार पडताना कसं दिसतं? डबा ऐसपैस चालू आहे. खडूच्या गोलात पत्र्याचा डबा, ज्याच्यावर राज्य आहे तो मुलगा गाड्यांच्या मागे डोकावत फिरतोय. जिन्याखालून एक पोरगा सुसाट येतो आणि डब्याला लाथ घालतो. डबा खडखडत जातो तो थेट खांबाजवळच्या मुलीच्या पायाशी. सगळे ओरडतायत. ती वाकते, डबा उचलते. एक क्षण काहीच सुचत नाही. मग चालत जाऊन डबा बरोबर त्या गोलात ठेवते, झाकणाची बाजू खाली, जशी ती मघापासून बघत होती तशी. आणि परत खांबाकडे. कुणी धन्यवाद म्हणत नाही, कुणाचं लक्षही फारसं नसतं. पुढच्या डावात डबा पुन्हा लांब जातो, तेव्हा राज्य असलेला मुलगा तिच्याकडे न बघताच ओरडतो, “ए, डबा दे ना!” तिला खेळाने हाक मारलेली असते. नाव अजून कुणालाच माहीत नसतं.

कोर्सारोंनी स्वतः मुलांत शिरताना जी युक्ती केली तीही हीच. मोठी माणसं मुलांना प्रश्न विचारतात, तर ते नुसते त्यांच्या खेळाच्या जागेत जाऊन गप्प बसत आणि मुलांनी काहीतरी म्हणेपर्यंत वाट बघत. हळूहळू मुलांनी त्यांचं ‘बिग बिल’ असं नाव ठेवलं. पुढे ते इटलीत बोलोन्याच्या बालवाडीत गेले, तिथे तर काम आणखी सोपं झालं, कारण त्यांचं इटालियन कच्चं होतं. एवढा दाढीमिशीच्या वयाचा माणूस आणि याला बोलता येत नाही! मुलांनी त्यांच्या चुका सुधारण्याची जबाबदारी आनंदाने अंगावर घेतली.

आपल्याहून कमी येणारा भिडू समोर असला की भीती पळते. हा धागा धरून एक विलक्षण गोष्ट सांगतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो आणि स्टीफन सुओमी ऱ्हीसस माकडांवर काम करत. त्यातले काही प्रयोग आज वाचताना अंगावर काटा येतो, आणि तसे आता कुणी सहजासहजी करू देणार नाही हे बरंच आहे. जन्मापासून सहा महिने एकट्याने कोंडून वाढवलेली पिल्लं बाहेर काढली की कोपऱ्यात अंगाची जुडी करून डोलत बसत. त्यांच्या वयाच्या माकडांत सोडलं तर मार खात. ही पिल्लं आता कायमची गेली, असंच मानलं जात होतं. १९७२ मध्ये सुओमी आणि हार्लो यांनी वेगळाच उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी या पिल्लांजवळ वैद्य म्हणून पाठवल्या तीन महिन्यांच्या चिमुकल्या माद्या. त्या वयात मारामारी येत नाही, येतं ते फक्त चिकटणं. कोपऱ्यातलं पिल्लू डोलत राही आणि ही चिमुरडी जाऊन त्याला घट्ट धरून बसे. काही आठवड्यांनी मोठं पिल्लू तिला धरू लागलं. मग खेळू लागलं. काही महिन्यांत ती पिल्लं बऱ्याच अंशी सावरली.

हे वाचून विंडॉल फर्मन, डॉन राहे आणि विलार्ड हार्टप यांनी १९७९ मध्ये बालवाडीतली २४ एकलकोंडी मुलं घेतली. काहींना रोजच्या वर्गाबाहेर, वीस-वीस मिनिटं, दहा वेळा एका समवयस्क मुलाबरोबर खेळायला ठेवलं. काहींना आपल्याहून वर्ष-दीड वर्षाने लहान मुलाबरोबर. काहींना काहीच नाही. कुणी त्यांना शिकवलं नाही, समजावलं नाही, बक्षीस दिलं नाही. एका खोलीत दोन मुलं आणि खेळणी, बस. नंतर त्यांच्या वर्गात पाहिलं, तेव्हा सगळ्यांत ठळक फरक पडला होता तो लहान भिडू मिळालेल्या मुलांत. कारण सहज कळण्यासारखं आहे. समवयस्कांत बुजरं मूल सदा मागून येणारं. तीन वर्षांच्या शेंबड्या पोरासमोर मात्र खेळ त्यालाच सुरू करावा लागतो, नियम त्यालाच सांगावे लागतात, आणि ते शेंबडं पोर डोळे मोठे करून ऐकतं. पुढाकार घ्यायचा सराव होतो आणि हसं होण्याची भीती नसते.

आणि आपल्याकडे ही सोय होतीच की! वाड्यात, चाळीत, गल्लीत चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची पोरं एकाच डावात असत. धाकटी भावंडं गळ्यात मारलेली असायची, त्यांना टाळता यायचं नाही. म्हणून मुलांनीच ‘लिंबूटिंबू’ नावाची तोड काढली होती. लिंबूटिंबू पळतो, लपतो, ओरडतो, पण आउट झाला तरी आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. कुठल्या शिक्षणतज्ज्ञाला सुचली असती ही कल्पना? खेळात असणं आणि हरणं या दोन गोष्टी तिने वेगळ्या केल्या. बुजऱ्या मुलाला नेमकं हेच हवं असतं. दुसऱ्या बाजूने, लिंबूटिंबूचं बोट धरून त्याला लपवणारा जो थोडा मोठा असे, तो बरेचदा टोळीतला मुखदुर्बळच असे. एरवी कुणी त्याला कप्तान केलं नसतं.

बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा मोठ्या मुली धाकट्यांना कडेवर घेऊनच यायच्या, नाहीतर यायच्याच नाहीत. त्यांनी धाकट्यांना परत धाडलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ केली. आज आपण उलट चाललो आहोत. नर्सरी, ज्युनिअर केजी, सिनिअर केजी, प्रत्येक वयाचा वेगळा डबा, आणि संध्याकाळच्या क्लासलाही बॅच वयानुसार. लहान भावंड घरात नाही आणि लहान भिडू बाहेर नाही, अशी अनेक मुलं आहेत.

दुसरी गोष्ट जागेची. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटीने लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत बांधली. लिऑन फेस्टिंजर आणि सहकाऱ्यांनी तिथे कुणाची कुणाशी मैत्री झाली ते पाहिलं आणि १९५० मध्ये पुस्तक लिहिलं. लोक काही एकमेकांना निवडून तिथे आलेले नव्हते. तरीही अगदी शेजारच्या दाराशी मैत्री होण्याचं प्रमाण ४१ टक्के होतं, एक दार सोडून २२ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना अवघं १० टक्के. काही फुटांचा फरक! जिन्याच्या तळाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही दोस्ती होती, कारण वरचे लोक त्यांच्या दारावरून जात. चाळीत वाढलेल्या माणसाला हे सांगायला एमआयटी लागत नाही, पण आकडे बघून बरं वाटतं.

नुसतं परत-परत दिसण्यात एवढी ताकद असते? पिट्सबर्ग विद्यापीठात रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी १९९२ मध्ये एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. दिसायला साधारण सारख्या चार तरुणींना त्यांनी एका मोठ्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसवलं. एक कधीच गेली नाही, एक पाच वेळा गेली, एक दहा वेळा, एक पंधरा वेळा. कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. सत्राच्या शेवटी वर्गाला त्यांचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा आलेली होती ती जास्त आवडली, आणि बहुतेकांना तिला पाहिल्याचं आठवतही नव्हतं. म्हणजे खांबाशी रोज उभी राहणारी आपली मुलगी रोज थोडी-थोडी ओळखीची होत असते. तिला ते कळत नसतं आणि खेळणाऱ्यांनाही नाही. वर सांगितलेला अमिग्डलाही नव्या चेहऱ्यालाच जास्त दचकतो, पाहिलेल्याला तेवढा नाही. फक्त उभं राहायला रोज तीच जागा आणि समोर तीच माणसं हवीत.

म्हणूनच मला दिवाळीचा किल्ला हा फार शहाणा सण-प्रकार वाटतो. सुट्टी लागली की कोपऱ्यात विटा येतात, गोणपाट येतं, मातीचा चिखल होतो. आठ दिवस तीच पोरं त्याच ढिगाऱ्याभोवती. तिथे एकमेकांकडे तोंड करून बसावं लागत नाही, सगळ्यांची तोंडं किल्ल्याकडे. बुजऱ्या मुलाला समोरासमोरचा चेहरा जड जातो, शेजारचा खांदा जड जात नाही. माती चाळायला बोलावं लागत नाही. हळीव पेरायला, रोज पाणी शिंपायला, मावळे कुठल्या बुरुजावर उभे करायचे ते ठरवायला सुरुवातीला मान हलवली तरी पुरते. आणि चौथ्या दिवशी कुणीतरी तोफ दरवाज्याच्या आत तोंड करून ठेवली, की हीच मुलगी न राहवून म्हणते, “अरे, आपल्याच माणसांना मारणार का?”

समाज या मुलांकडे कसा बघतो, यानेही केवढा फरक पडतो! शिनयिन चेन या संशोधकाने शांघायमधल्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला. १९९० मध्ये तिथली शांत, लाजरी मुलं वर्गात आवडती होती, शिक्षकांच्याही मर्जीतली. त्याच सुमाराला कॅनडात तशीच मुलं एकटी पडत होती. १९९८ मध्ये शांघायमधलं चित्र धूसर झालं. २००२ मध्ये त्याच शहरात लाजरी मुलं नावडती ठरू लागली होती. मधल्या बारा वर्षांत मुलांचा मेंदू बदललेला नव्हता. बदलला होता बाजार, आणि त्याबरोबर ‘पुढे-पुढे करता आलं पाहिजे’ हा घोषा. आपल्याला हे परकं वाटायला नको. एके काळी ‘कुणाच्या अध्यात ना मध्यात’ ही मुलाची तारीफ होती. आता त्याच मुलाला ‘स्टेज डेअरिंग’ वाढवायला उन्हाळी शिबिरात घालतात.

घालू नका असं नाही, पण त्याआधी स्वस्तातल्या गोष्टी करून बघा. खेळ रंगात आल्यावर सव्वासहाला मुलाला खाली पाठवू नका, साडेपाचला पाठवा. जो आधी पोचतो त्याला शिरावं लागत नाही, बाकीचेच त्याच्या खेळात शिरतात. शेजारच्या घरातलं एखादं लहान पोर तासभर सांभाळायला द्या. पाहुण्यांसमोर “आमची फार लाजरी आहे हो” हे वाक्य तिच्या देखत बोलू नका. आणि दहा मित्र व्हावेत ही हाव सोडा. केनेथ रुबिन यांच्या गटाने दहा-अकरा वर्षांच्या बुजऱ्या मुलांकडे पाहिलं, तेव्हा इतर मुलांप्रमाणेच त्यांच्यातल्याही बहुतेकांना एक पक्का मित्र होता, अनेकदा तोही बुजराच. एक पुरतो. मूल घरात भरभरून बोलतं पण शाळेत महिनोन्महिने तोंडातून शब्दच काढत नाही, असं असेल तर मात्र ‘होईल मोठं झाल्यावर’ म्हणत बसू नये, बालमानसतज्ज्ञाला दाखवावं. तो निराळा त्रास आहे आणि त्याच्यावर उपचार आहेत.

उरला प्रश्न खांबाचा. चाळीला गॅलरी होती, वाड्याला ओसरी होती, गल्लीला कट्टा होता, म्हणजे खेळाला काठ होता आणि काठावर उभं राहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. नव्या टॉवरमध्ये मूल एक तर लिफ्टमध्ये असतं, नाही तर थेट झोपाळा-घसरगुंडीच्या मध्यभागी. आणि जुन्या सोसायट्यांत जिथे काठ शिल्लक आहे, तिथे नेमका त्याच खांबावर ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ असा फलक ठोकलेला असतो. तुमच्या सोसायटीत असेल, तर पुढच्या जनरल बॉडीत, पार्किंगची भांडणं आटोपली की, हा विषय तेवढा मांडा. पाच ते सात तो फलक उतरवा, आणि खेळाच्या जागेला लागून एक कट्टा बांधून घ्या.